गोजरचं सुलटं फूल

मालूबायच्या हातात सुई नसली की ती तोंडानं टोचते, असं तिच्या जावा म्हणायच्या. म्हणून घरातल्या सगळ्यांची खटपट एकच, की तिच्या हातात सुई असावी. विटलेलं लुगडं, फाटकं धोतर, पोरांचे गुडघ्यावर विरलेले लेंगे, जे सापडेल ते आणून तिच्यापुढे टाकायचं आणि आपण सुखानं भाकरी खायची. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ झालं नाही, पुढे दीर-जावाही वेगळ्या झाल्या. मुरबाडच्या बाजारापासून पायी वीस मिनिटांवरच्या दोन खणी घरात मालू आणि तिची सासू अंबूबाई अशा दोघीच उरल्या. दोघींचं एकमेकींशी पटत नसे आणि एकमेकींवाचून करमतही नसे.

साधी गोधडी शिवायला तिला अंबूबाईनंच शिकवलं. फुलांची गोधडी मात्र मालूची स्वतःची. त्र्याण्णव साली मुरबाडला एका महिला मंडळानं पंधरा दिवसांचा शिवणवर्ग काढला होता. ठाण्याहून एक ताई शिकवायला यायच्या. बायका गेल्या त्या शिलाई मशीन मिळेल या आशेनं. मशीन राहिलं बाजूला, शेवटच्या दिवशी चहा आणि दोन-दोन बिस्किटं मिळाली. बाकीच्या बायका पुढे कित्येक वर्षं त्या ताईंच्या नावानं बोटं मोडत होत्या. मालूनं तिथून एक गोष्ट उचलली, ती म्हणजे षटकोनांचं फूल. जाड कागदाचा तळहाताएवढा सहा कोनांचा तुकडा कापायचा. त्यावर बोटभर मोठं कापड घेऊन कडा कागदामागे दुमडायच्या आणि कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायच्या. असे सात तुकडे करायचे. एक मधे, सहा भोवती, कडेला कड लावून बारीक टाक्यानं जोडले की झालं फूल. चहूबाजूंची शिवण पक्की झाल्यावर कच्चा दोरा काढायचा आणि मागून कागद ओढून घ्यायचे. कागदासाठी मालू गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा करी. चांगल्या घरच्या लग्नाची पत्रिका जाड असते, म्हणून ती चांगल्या घरच्या लग्नाला आवर्जून जाई.

ताईंनी फुलं रंगांप्रमाणे करायला शिकवली होती. मालूनं ती माणसांप्रमाणे करायला घेतली. घरात जितकी माणसं तितकी फुलं, आणि ज्याचं फूल त्याच्याच अंगावरच्या कपड्यांचं. शाळेत जाणाऱ्या पोराच्या खाकी पाकळ्या आणि मधे पांढरा सदरा. म्हाताऱ्याचं धोतराचं फूल, मधे बंडीचा तुकडा. नव्या सुनेचं हळदीच्या साडीचं. लोकांना ही गोष्ट फार आवडली. शहापूरपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंतची माणसं गाठोडी घेऊन तिच्या ओट्यावर येऊ लागली.

अंबूबाईला हे पहिल्यापासून रुचलं नव्हतं. "माणसं शिवतेस होय गो?" ती म्हणाली. "मंग गेलेल्यांचं काय करशील?"

प्रश्न बरोबर होता, कारण लोक मेलेल्या आजाचा सदरा, गेलेल्या आईचं लुगडंही हौसेनं आणत. मग अंबूबाईनंच नेम घालून दिला. जिवंत माणसाचं कापड सुलटं लावायचं, गेलेल्याचं उलटं. म्हणजे रंगाची बाजू आत आणि फिकी बाजू वर. "मयताला आपला कपडा वळखीचा वाटला, का ते अंथरुणात शिरतं," ती म्हणाली. "मंग उठत नाय. आनि जाताना एकटं जात नाय." दुसरा नेम असा, की एकदा शिवलेलं फूल उसवायचं झालं तर ज्याची गोधडी त्यानं ती आपल्या हातानं पुढे करावी. जबरदस्तीनं कात्री लावायची नाही. मालू तोंडावर हसली, पण नेम तिनं कधी मोडला नाही. गाठोडं उघडण्याआधी तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोन हाय, कोन नाय?" लोक बोटांवर मोजून सांगत, आणि ती तसतशा घड्या वेगळ्या ठेवी.

अठ्ठ्याण्णव साली अंबूबाई गेली. मालूनं तिच्या लुगड्याचं फूल आपल्या गोधडीत उलटं लावलं. आता घरात भांडायला कुणी नव्हतं आणि मालूला बोलायची इतकी सवय, की ती चुलीला, मांजराला आणि सुईलाही शिव्या घालू लागली. एकटेपणानं माणूस वेडं होत नाही, पण चिडकं होतं. मालू तर आधीच चिडकी होती.

दोन हजार साली दिवाळी झाल्यावर एक माणूस सात वर्षांच्या पोरीचं बोट धरून तिच्या ओट्यावर आला. गणू त्याचं नाव. वैशाखऱ्याला गवताच्या वखारीवर नुकताच कामाला लागला होता, वखारीमागेच भाड्याच्या खोलीत राहत होता. मूळचा तो तानसाकडचा, म्हणून इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. हाताचे तळवे गवतानं इतके खरबरीत झालेले, की गाठोड्याची गाठ सोडताना कापडाचे धागे ओढले जात होते. आत त्याचे दोन सदरे होते, पोरीचे लहान झालेले फ्रॉक होते आणि लाल बुट्ट्यांची एक पिवळी साडी.

"कोन हाय, कोन नाय?" मालूनं विचारलं.

गणूनं खाली पोरीकडे पाहिलं. पोरगी, कुणाली, त्याच्याकडेच बघत होती. "सगळी हायेत," तो म्हणाला. "हिची आई, गोजर, माहेरी गेलीय. येईल."

"पोर टाकून बरी ऱ्हाते माहेरी!" मालूची जीभ सुटली. "माझी सून असती ना, तर झिंज्या धरून आणली असती."

गणू गाठोड्यातले सदरे पुन्हा घडी घालू लागला. पोरीनं मात्र मालूकडे असं पाहिलं, की मालूला आपण काहीतरी वाईट बोललो असं वाटलं आणि तिनं तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

गोजरचं फूल फार सुंदर झालं. सहा पिवळ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या मधोमध एक लाल बुट्टी, आणि मधे त्याच साडीच्या पदराचा तुकडा. माणूस जिवंत, म्हणून कापड सुलटं. कागद काढायची वेळ आली तेव्हा मात्र एक गोष्ट झाली. गणूच्या फुलातले कागद कोरडे निघाले, कुणालीच्याही फुलातले कोरडे निघाले, आणि गोजरच्या फुलातले सातही ओले निघाले. घामेजलेल्या मुठीत धरून ठेवावेत तसे ते ओले होते. मालूनं वर छपराकडे पाहिलं. पावसाळा सरून महिना झाला होता. पाण्याचा माठही लांब होता. मांजरानं काहीतरी केलं असेल म्हणून तिनं मांजराला चार शिव्या दिल्या आणि कागद उन्हात टाकले. एरवी काडीवरून भांडणाऱ्या बाईनं तेव्हा एवढी मोठी गोष्ट सोडून दिली, याचं तिला पुढे जन्मभर नवल वाटलं.

पौषात गणू गोधडी घेऊन गेला. फाल्गुनात तो पुन्हा आला, एकटाच. ओट्याच्या पायरीवर बसला आणि तळहात चोळू लागला.

"काय झालं? शिवण उसवली का?" मालूनं विचारलं. तिला शिवणीचा फार अभिमान होता.

"मालूबाय, पोरीच्या वेण्या कोन घालतं?"

"तुला ठाव, मला काय विचारतोस?"

"मला येत नाय घालता. आधी मी फनी फिरवायचो नि रबर लावायचो. गोधडी नेल्यापासनं रोज सकाळी ती उठते तवा दोन वेण्या घातलेल्या असतात. तेल लावलेलं असतं. भांग सरळ असतो. घरात तेलाची बाटलीच नाय." गणू भराभर बोलू लागला. खोलीची मालकीण लहानी घालत असेल असं त्याला आधी वाटलं. लहानी म्हणाली, मला माझ्या नातींच्या घालून होत नाहीत. शाळेतल्या बाईंनी तर कुणालीला वर्गात उभं करून सगळ्यांना तिच्या वेण्या दाखवल्या. मग पोरगी दुपारचीही निजू लागली. शाळेतून आली की गोधडीत शिरायची. जेवायला उठवलं की म्हणायची, जेवले. हात कोरडे, तोंड कोरडं, आणि म्हणायची, आईनं भरवलं.

"काल म्हनाली," गणू म्हणाला, "परीक्षा झाली का आई मला घेऊन जानार हाय. आमी दोघीच जानार. बाबा, तुमी रडू नका."

"गणू, तुझी बायको कुठं हाय?" मालूनं विचारलं.

गणूनं तोंड ओंजळीत घातलं. गोजर भादव्यातच गेली होती. बाळंतपणात अडली, कल्याणला नेली, तिथल्या दवाखान्यातून ती आणि मूल दोघंही परस्पर तिच्या माहेरी नेऊन जाळली. कुणाली तेव्हा शेजाऱ्यांकडे होती. आई कुठं आहे, असं तिनं विचारलं तेव्हा गणूच्या तोंडातून माहेरी एवढंच निघालं. ते एकदा म्हटल्यावर त्याला मागं फिरता आलं नाही. गाव सोडून तो वैशाखऱ्याला आला, तो सुद्धा पोरीला कुणी खरं सांगू नये म्हणून. "तुमी विचारलंत तवा पोरगी बोट धरून हुबी होती," तो म्हणाला. "तिच्यासमोर कसं सांगू?"

मालू त्याच्यावर ओरडायला तोंड उघडून बसली आणि तिला ओरडता येईना. तिच्या हातानं एका गेलेल्या बाईचं फूल सुलटं शिवलं गेलं होतं. त्या बाईला आपली पिवळी साडी ओळखू आली होती आणि ती येऊन पोरीशेजारी निजली होती. परीक्षेला अठरा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या एसटीनं मालू वैशाखऱ्याला उतरली. उन्हाचा असा तडाखा, की डांबराला चपला चिकटत होत्या. वखारीत गवताच्या गाठी रचलेल्या, हवेत कुसळं उडत होती. लहानी दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं मालूला नुसती मान हलवून आतली वाट दाखवली. "सकाळपासनं निजलीय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मी आत जात नाय. तुमी जावा."

पत्र्याची खोली भट्टीसारखी तापली होती. वखारीतून मागोमाग आलेल्या गणूच्या सदऱ्याची पाठ दारातच भिजली. पण कुणाली गळ्यापर्यंत गोधडी ओढून झोपली होती आणि तिच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. वेण्या ताज्या होत्या. खोलीत खोबरेल तेलाचा वास होता. पोरगी अंथरुणाच्या एका कडेला अंग चोरून निजली होती, आणि उरलेल्या जागेत गोधडीला उंचवटा होता. एवढासा, कुशीवर निजलेल्या बारीक चणीच्या बाईएवढा. मालूनं डोळे बारीक करून पाहिलं. उंचवटा अगदी सावकाश वर होत होता आणि खाली होत होता.

पळून जावं असं मालूला वाटलं, आणि लहानी दारात बसली नसती तर कदाचित ती पळालीही असती. पण भित्री म्हणून लहानीनं सगळ्या तालुक्याला सांगितलं असतं. मालू अंथरुणाजवळ खाली बसली. तिनं हात लांब करून गोजरच्या फुलाला बोट लावलं. बाकीची गोधडी अजून नवी, टाक्यांनी ताठ होती. हे फूल वर्षानुवर्षं वापरल्यागत मऊ पडलं होतं आणि गरम होतं.

कुणालीनं डोळे उघडले. "गूळवाली आजी," ती म्हणाली.

"व्हय गो बाय. ऊठ. जरा ही गोधडी दे, एक टाका सुटलाय."

"नाय सुटला." पोरीनं दोन्ही हातांनी गोधडी घट्ट धरली. गाल आत गेले होते, मनगटं काडीएवढी झाली होती. त्या मनगटांकडे बघून मालूला रडू कोसळलं असतं, पण तिला रडण्यापेक्षा रागावणं सोपं जायचं. तिनं दारात उभ्या असलेल्या गणूकडे वळून पाहिलं. "सांग तिला," ती म्हणाली. "तुझं तू सांग."

गणूनं तोंड उघडलं. "कुणाली, तुझी आई..." एवढं म्हणून तो थांबला आणि एकदम बाहेर निघून गेला. दाराच्या पलीकडे त्याचं नाक ओढणं ऐकू येत होतं.

मग मालूनंच सांगितलं. वळसे घेऊन बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "तुझी आई माहेरी नाय गेली. ती गेलीच गो. परत यायची नाय."

"मला ठाव हाय," कुणाली म्हणाली.

"कोनी सांगितलं?"

"तिनं. पयल्याच दिवशी." पोरगी दाराकडे पाहत कुजबुजली, "बाबांना नका सांगू. त्यांना वाटतं ती माहेरी हाय. ते माहेरचं सांगायला लागतात नि रडतात."

दारापलीकडचं नाक ओढणं थांबलं. मालूनं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. वेणी तेलानं थंड लागत होती. "हे बघ," ती म्हणाली, "तिला इथं ऱ्हाता येत नाय. ती ऱ्हायली, तर तुला घेऊन जाईल. वाईट म्हनून नाय नेणार. एकटीला करमत नाय, म्हनून नेईल. मी तिचं फूल उलटं करते, मंग ती जाईल."

"कुठं जाईल?"

मालू तीस वर्षं गोधड्या शिवत होती. किती तरी गेलेल्यांची फुलं तिनं उलटी लावली होती. ती माणसं मग कुठं जातात, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं. "मला ठाव नाय," ती खरं बोलली. या घरात खोटं बोलून पुरे झालं होतं.

"मंग नको." पोरीच्या डोळ्यांत पाणी भरलं. "तिला थंडी वाजते. बाळ पन हाय तिच्याजवळ."

गोधडीखालचा उंचवटा हलायचा थांबला. मालूला वाटलं, ती ऐकतेय. आपण काय म्हणतो याची वाट बघतेय. आणि त्या क्षणी मालूला तिची भीती वाटण्याऐवजी तिची दया आली. तिशीच्या आतली पोर, कूस भरलेली, परगावच्या दवाखान्यात एकटी गेली. पोरीचा निरोपसुद्धा घेता आला नाही. तिनं येऊन वेण्या घातल्या तर काय चुकलं तिचं?

"मी तिला माझ्याकडं नेते," मालू म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपण काय बोललो. पण तिनं शब्द मागं घेतला नाही. "उलटं नाय करत. आख्खं फूल उसवते नि माझ्या गोधडीत लावते. सुलटं. माझ्या घरी कोनी नाय. दोघींना जागा हाय, बाळाला पन हाय."

कुणाली उठून बसली. तिनं मालूकडे नीट पाहिलं, मग गुडघ्यांवर उभी राहून तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला. "तुमचे केस थोडेच हायेत," ती काळजीनं म्हणाली. "तिला वेण्या घालायला लागतात."

"थोडे हायेत, पन हायेत ना? माझा अंबाडा रोज वाकडा होतो. सरळ करणारी पायजेच हाय."

पोरीनं खाली वाकून गोधडीच्या त्या जागेला तोंड लावलं आणि काहीतरी पुटपुटली. बराच वेळ पुटपुटत होती. मग तिनं दोन्ही हातांनी गोधडी उचलली आणि मालूच्या मांडीवर ठेवली. खाली नुसती चटई होती.

मालूनं पिशवीतून कात्री काढली. एकेक टाका सावकाश तोडला, कुठं कापडाला धक्का लागू दिला नाही. गणू आत आला आणि पोरीजवळ टेकला. सगळं ऐकलं होतं त्यानं. कुणालीनं त्याच्या खरबरीत हातावर हात ठेवला आणि मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तसं म्हणाली, "बाबा, आई गेली." गणूनं तिला छातीशी धरलं आणि सहा महिन्यांचं रडू एकदाचं मोकळं झालं. फुलाच्या जागी मालूनं गणूच्या निळ्या सदऱ्याचं ठिगळ लावलं. ते लावून होईपर्यंत कुणालीच्या कपाळावर घाम आला होता आणि ती म्हणाली, मला भूक लागली. लहानीनं दारातूनच ताट आत सरकवलं.

मालू तीनच्या एसटीसाठी रस्त्यावर येऊन उभी राहिली. पिशवीत सात तुकड्यांचं ते फूल होतं. त्याचं वजन ते काय असणार? तरी तिला पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी लागत होती. तिला भीती वाटत होती. अंबूबाईचे शब्द तिला पाठ होते, जाताना एकटं जात नाय. साठी उलटली असली तरी मरायची हौस कुणालाच नसते आणि मालूलाही नव्हती. पण आता घरी जाऊन संध्याकाळी चुलीशी भांडायचं नाही, कुणीतरी ऐकायला आहे, हेही तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला थोडी लाज वाटली.

गाडी आली. मालू चढली आणि खिडकीजवळची जागा सोडून अलीकडे बसली. एक बाप्या तिथं सरकायला लागला, तर तिनं त्याला असं खेकसलं की तो मागे जाऊन उभा राहिला. कंडक्टर चिमटा वाजवत आला.

"दोन मुरबाड," मालू म्हणाली.

कंडक्टरनं रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "आजी, दुसरं कोन हाय?"

"एक बाय हाय बरोबर," मालू म्हणाली, "नि तान्हं पोर. तान्ह्याचं तिकीट लागत नाय ना, मास्तर?"